राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि त्याच्या दोन शाखा

दिल्लीचें राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय हा जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांनीं विचारांत घ्यावा असा विषय आहे काय, अशी शंका कोणी घेईल. तेथें ताम्रपट नाहींत, बखरी नाहींत, मोडी दप्तरेंही नाहींत. तथापि संग्रह कोठें ठेवावा आणि त्याची व्यवस्था कोणाच्या सल्ल्यानें चालावी, हे प्रश्न आमच्या नित्य परिचयाचे आहेत. आणि ह्या संस्थेच्या वृत्तांतांत ते ठळकपणें दिसून येतात.

प्रथम स्थलकालाचा निर्णय करूं. वास्तूचा काळ व संस्थेचा काळ ह्यांची गल्लत होऊं नये, कारण तिन्ही ठिकाणीं संस्थेनें जुन्या वास्तूंत प्रवेश केला आहे. दिल्लींतील जयपूर हाउस हें जयपूरच्या महाराजांचें निवासस्थान इ. स. १९३६ मधील, त्यांत संग्रहालयाचें उद्घाटन ता. २९ मार्च १९५४ रोजीं उपराष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् ह्यांच्या हस्तें झालें. पहिले संग्रहाध्यक्ष जर्मन कलेतिहासकार हर्मान गोएट्झ हे होत. त्यापूर्वीं ते बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक होते. म्हणजे गायकवाडांच्या राजधानींतील अनुभव दिल्लीच्या उभारणीस उपयोगीं पडला, हें महाराष्ट्रीय वाचकांनीं विसरूं नये. अमृता शेरगिल ह्यांचीं चित्रें ह्या संग्रहाचें एक प्रमुख अंग आहे.

मुंबईची शाखा इ. स. १९९६ मध्यें, म्हणजे मूळ संस्थेनंतर बेचाळीस वर्षांनीं, सर कावसजी जहांगीर सभागृहांत उघडली. हें सभागृह जॉर्ज विटेट ह्यांच्या रचनेचें. गेटवे ऑफ इंडिया व समोरचें वस्तुसंग्रहालय हींही त्यांचींच. जेथें पूर्वीं सभा व जलसे होत, तेथें आतां चित्रें लागतात. बंगळूरची शाखा इ. स. २००९ मध्यें माणिक्यवेलु वाड्यांत सुरू झाली.

शाखेचें कार्य काय? मूळ संग्रहांतील चित्रें फिरवून आणणें एवढेंच असेल तर ती केवळ वखार ठरेल. आमच्या मतें त्या त्या प्रांताची कलास्मृति जागविणें हें तिचें मुख्य कर्तव्य होय. इ. स. २०१८ मध्यें मुंबई शाखेंत रावबहादुर म. वि. धुरंधर ह्यांच्या कृतींचें मोठें प्रदर्शन भरलें. कोल्हापुरास जन्मलेल्या ह्या चित्रकारानें ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हें आत्मवृत्त लिहून मुंबईच्या कलाशाळेच्या इतिहासाचें अस्सल साधन मागें ठेविलें आहे. पुढील वर्षीं तेथेंच प्रभाकर बरवे ह्यांचें प्रदर्शन झालें. त्यांत चित्रांबरोबर त्यांच्या रोजनिशांनाही स्थान होतें. चित्रकाराची रोजनिशी हें हस्तलिखितच नव्हे काय? चित्र हा परिणाम, रोजनिशी ही त्याची कारणपरंपरा.

ह्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगीं, फेब्रुवारी १९१९ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं म्हणजे २०१९ च्या फेब्रुवारींत, अमोल पालेकर ह्यांनीं मुंबई व बंगळूर शाखांच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या मोडल्याबद्दल व निर्णय दिल्लीकडे गेल्याबद्दल आक्षेप घेतला, आणि बोलतांना त्यांना मध्येंच थांबविण्यांत आलें. भाषण प्रसंगोचित होतें किंवा नव्हतें, ह्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. मुख्य प्रश्न निराळा आहे. द्रव्य, जतन व नोंदणी ह्यांस मध्यवर्ती सत्तेचें बळ लागतें, हें मान्य. परंतु कोणत्या घरीं कोणाचीं रेखाटनें, पत्रें व वह्या पडून आहेत, हें स्थानिक जाणकारांवांचून कळत नाहीं. गांवोगांव हिंडून दप्तरें मिळविणाऱ्या संशोधकांस हें निराळें सांगावयास नको.

यास्तव शाखांस स्थानिक सल्लागार असावे, आणि चित्रांबरोबर चित्रकारांचे कागदही जतन व्हावे, असें आमचें स्पष्ट मत आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील, त्यांनीं तूर्त त्यांची याद तरी करून ठेवावी. चित्राला भिंत मिळते. कागदाला मात्र राखणारा लागतो.