फिनिशिंग सँडर : वापर आणि निगा

रंधा मारून झालेल्या किंवा लांबी भरून सुकलेल्या लाकडावर पॉलिश चढवण्यापूर्वी शेवटची घासाई करणारे, एका हातात मावणारे विजेवरचे यंत्र. कारागीर त्याला नुसते ‘सँडर’ म्हणतात. ग्राइंडर किंवा करवत हातात घेताना माणूस आपोआप सावध होतो. सँडर बोट कापत नाही, म्हणून त्याच्याबाबत फार कोणी सावध नसते. त्याचा खरा धोका पात्यात नसून धुळीत आहे, आणि यंत्र बिघडते तेही बहुतेक वेळा त्याच धुळीने.

रचना साधी आहे. मोटरच्या दांड्याला किंचित कडेला बसवलेले बेअरिंग खालच्या चौकोनी पॅडला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात हलवते. पॅड स्वतःभोवती फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. माकिता कंपनीच्या ‘बीओ 4556’ या 200 वॉटच्या सँडरमध्ये ही थरथर मिनिटाला 14,000 वेळा होते. 230 बाय 280 मिलिमीटरच्या पॉलिश पेपरचे चार तुकडे केले की एक तुकडा अशा यंत्राला पुरतो. तो दोन्ही बाजूंच्या चिमट्यांत ताणून बसवायचा आणि पॅडला भोके असतील तर कागदालाही त्याच जागी भोके पाडायची, नाहीतर धूळ पिशवीत जाण्याऐवजी कागदाखालीच अडकते. सैल बसलेला कागद पहिल्या काही मिनिटांतच फाटतो.

पनवेल–रोहा लोहमार्गावर पेण आणि हमरापूर ही गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर ठाऊक असलेली गावे लागतात. एवढी घासाई चालणाऱ्या या पट्ट्यात मूर्तीवर मात्र सँडरचा काही उपयोग नाही. सोंडेचा वळसा, पितांबराच्या चुण्या, कानाची पाळी यांवर सपाट पॅड टेकतच नाही. टेकलेच तर त्याची कड प्लास्टरमध्ये रुतते. तिथे पॉलिश पेपरची घडी आणि कारागिराचे बोट हेच साधन. मूर्तीखालचा पाट, चौरंग, मखराच्या फळ्या, घराची दारे, टेबलाचा माथा अशी सपाट कामे सँडरची. प्लास्टरच्या सपाट पाठीवर तो चालवण्याचा मोह होतो, पण ती पिठासारखी धूळ हवेच्या फटींतून थेट मोटरमध्ये जाते.

वापराचा पहिला नियम : दाबू नये. यंत्राचे स्वतःचे वजन आणि वर ठेवलेला हात एवढा भार पुरतो. जोर दिला की मोटरची गती पडते, ती तापते आणि कागद घासण्याऐवजी खरवडू लागतो. मग लाकडावर बारीक गोल ओरखडे उमटतात. कोऱ्या लाकडावर ते दिसत नाहीत. पॉलिशचा पहिला हात फिरला की उन्हात चमकतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. दुसरे कारण कागदाचा नंबर उडवणे. 80 नंतर एकदम 220 घेतला तर 80 चे चरे तसेच राहतात. 80, 120, 180, 220 अशी पायरी सोडू नये. शेवटचा हात यंत्र बाजूला ठेवून, रेषेच्या दिशेने, हातानेच मारावा. प्लायवरच्या वीनिअरला तर विशेष जपावे लागते, कारण त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. कडेला सँडर जरा रेंगाळला की खालचा प्लाय उघडा पडतो.

यंत्र हवेत सुरू करावे, पूर्ण गती आली की अलगद टेकवावे, आणि बंद करण्याआधी उचलावे. कागद न लावता चालवू नये, पॅडच झिजते. ओल्या लाकडावर तर मुळीच नको.

वीजपुरवठ्याबाबत एक गोष्ट गावाकडे विशेष महत्त्वाची. काम चालू असताना लाइट गेली की माणूस सँडर तसाच फळीवर ठेवून बाहेर येतो. सरकता स्विच चालूच राहतो आणि लाइट आली की यंत्र आपणहून टेबलावरून चालू लागते. म्हणून लाइट गेली की आधी स्विच बंद, मग बाकीचे. कागद किंवा मोटरमधले कार्बन ब्रश बदलताना प्लग काढलेला असावा. दुहेरी इन्सुलेशनच्या यंत्राला अर्थिंगची तार नसते. चौकोनात चौकोन ही त्याची खूण. तरीही बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असणे चांगले. एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडावी, वेटोळ्यात ती तापते.

आता धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणारी म्हणून नोंदवली. नाकातील कर्करोगाशी तिचा संबंध जोडला गेला आहे. सागवान आणि शिसवीच्या धुळीने कातडीवर पुरळ येते, काहींना दम लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल मोठा भुसा अडवतो, बारीक धूळ नाही. एन 95 दर्जाचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क, चष्मा आणि यंत्राला धूळपिशवी किंवा व्हॅक्यूम एवढे तरी हवेच. जुन्या घराचे दार घासताना आणखी सावधगिरी लागते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांवर आणणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. अशा दारावर सँडर फिरवला तर ते घरभर पसरते, आणि त्याची झळ सर्वांत जास्त लहान मुलांना बसते.

पिशवीतली धूळ आगही लावू शकते. पॉलिश किंवा जवसाचे तेल लावलेल्या लाकडाची धूळ साठून राहिली तर ती आतल्या आत तापते. वर खिळ्याच्या डोक्यावर सँडर गेला की ठिणगी उडते. म्हणून घासाईपूर्वी खिळे आत ठोकून त्यांवर लांबी भरतात. पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करावी, आणि ती धूळ दुकानाच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नये.

निगा म्हणजे मुख्यतः साफसफाई. काम संपल्यावर हवेच्या फटी कोरड्या ब्रशने किंवा हवेच्या फवाऱ्याने मोकळ्या कराव्यात, अर्थात मास्क लावूनच. प्लास्टिकचे अंग थिनर किंवा पेट्रोलने पुसू नये, त्याला तडे जातात. मोटरमधले कार्बन खुणेपर्यंत झिजले की दोन्ही एकदम बदलावेत. एकच बदलला तर तो नीट बसत नाही. नव्या कार्बनची थोडी ठिणगी दिसते ती बसेपर्यंत चालते. ठिणग्यांचे कडे मोटरभोवती फिरू लागले किंवा जळका वास आला, तर यंत्र थांबवून मिस्त्रीकडे न्यावे. खडखड आवाज बहुधा बेअरिंगचा असतो. पॅडचा फोम कडेला फाटला असेल तर घासाई समान होत नाही. पॅड स्क्रूंवर बसवलेले असल्याने ते दुकानात बसूनही बदलता येते.

कोकणात पावसाळा हा सँडरचा दुसरा शत्रू. दमट हवेत कागदाचा डिंक मऊ पडतो, वाळू सुटते आणि कागद वळतो. कागदाचे गठ्ठे फळीखाली दाबून, भिंतीपासून दूर ठेवावेत. यंत्र झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. जून ते सप्टेंबर पडून राहिलेला सँडर पुन्हा वापरण्याआधी वायर हाताने चाचपून पाहावी : प्लगजवळ आणि यंत्राच्या तोंडाशी ती सर्वाधिक दुमडते, आणि उंदीरही तिथेच कुरतडतात.