उदरभित्ती सुघटनोत्तर द्रवसंचय व सूज

पोटावरील सैल झालेली जादा त्वचा व तिच्याखालील वसा (चरबी) काढून टाकून आणि एकमेकांपासून दूर सरकलेले उदरस्नायू टाक्यांनी जवळ आणून उदरभित्ती घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेस उदरभित्ती सुघटन म्हणतात. वारंवार झालेली गर्भधारणा किंवा वजनातील मोठी घट यांनंतर ती करण्यात येते. शस्त्रक्रियेनंतर त्वचेखाली द्रव साचणे हा तिचा सर्वांत नेहमी आढळणारा उपद्रव होय.

कारणे व स्वरूप : या शस्त्रक्रियेत त्वचा व वसा यांचा थर खालच्या स्नायुवेष्टनापासून सोडवून खाली ओढून घेतात. त्यामुळे दोन थरांमध्ये पोकळी राहते आणि अनेक सूक्ष्म लसीका वाहिन्या तोडल्या जातात. या पोकळीत रक्तद्रव, लसीका व दाहजन्य स्राव साचतात. हा द्रव उदरगुहेबाहेर, त्वचेखाली असतो. म्हणून तो जलोदराहून सर्वस्वी भिन्न आहे [⟶ जलोदर]. साधी सूज मात्र ऊतकांत पसरलेल्या द्रवामुळे येते. ती व्रणाच्या वरच्या भागात अधिक दिसते, संध्याकाळी वाढते व काही आठवड्यांत उतरू लागते; पूर्णपणे जाण्यास कित्येकदा काही महिने लागतात. साचलेला द्रव एका जागी फुगवटा आणतो व बोटाने टिचकी मारली असता त्याची लाट जाणवते.

इतिहास : पोटातील द्रव काढण्याच्या कृतीचे तपशीलवार वर्णन सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आहे. ते जलोदरासंबंधीचे असले, तरी त्यातील दोन सूचना येथेही लक्षणीय ठरतात. नाभीखाली डावीकडे छिद्र पाडून कथिलादी धातूंच्या नळीने द्रव काढावा, पण सर्व द्रव एकाच दिवशी काढू नये, ही पहिली. आणि द्रव निघून गेल्यावर लोकर, रेशीम वा चामडे यांनी पोट घट्ट बांधावे, ही दुसरी. बाळंतिणीचे पोट कापडी पट्ट्याने बांधण्याची जुनी रीत सातारा व सांगली जिल्ह्यांसह महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे.

या भागात आधुनिक शल्यचिकित्सा रुजली ती प्रामुख्याने मिरज येथे. कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यचिकित्सक विल्यम जेम्स वानलेस (१८६५–१९३३) हे १८८९ मध्ये भारतात आले व १८९४ मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले. पुढे १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये स्थापन झाले, तर सातारा जिल्ह्यात कराड येथे १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियांची व नंतरच्या देखभालीची सोय कृष्णाकाठी उपलब्ध झाली.

वानलेस मिरजेत काम करीत असतानाच, १८९९ मध्ये, अमेरिकेत बॉल्टिमोर येथे हॉवर्ड केली यांनी एका स्त्रीच्या पोटावरील सु. साडेसात किग्रॅ. वजनाचा त्वचा-वसेचा भाग काढल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शिकागोचे मॅक्स थोरेक यांनी १९२४ मध्ये नाभी राखण्याची पद्धती वर्णिली. व्हर्नन यांनी १९५७ मध्ये त्वचा दूरवर सोडवून नाभी नव्या जागी बसविण्याची पद्धती मांडली. ब्राझीलमधील ईव्हो पितांगी यांनी १९६७ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. परंतु त्वचा जितकी दूरवर सोडवावी तितकी पोकळी वाढते. आकार सुधारला, तरी द्रवसंचयाचा प्रश्न त्यामुळे अधिक बिकट झाला.

प्रारंभीचा उपाय निचरा नलिकेचा होता. १९५० नंतर बंद चूषण नलिका प्रचारात आल्या. मात्र नलिका द्रव बाहेर काढते, पोकळी बुजवीत नाही. ही उणीव ओळखून बारौदी व फेरेइरा यांनी १९९८ मध्ये, तर पोलॉक पितापुत्रांनी २००० मध्ये, त्वचेचा थर ठिकठिकाणी खालच्या वेष्टनास टाक्यांनी जोडण्याच्या पद्धती वर्णिल्या. त्यानंतर लसीका वाहिन्या वाचविण्यासाठी वसेतील स्कार्पा पटल जागीच राखण्याची पद्धतीही रूढ झाली. या उपायांनी द्रवसंचयाचे प्रमाण पुष्कळ घटले.

उपचार : नलिका ठेवली असल्यास, चोवीस तासांतील स्राव साधारणतः ३० मिलि.पेक्षा कमी झाल्यावर ती काढतात. द्रव बहुधा त्यानंतरच जाणवू लागतो. अल्प द्रव आपोआप शोषला जातो. अधिक असल्यास निर्जंतुक सुईने काढतात व गरजेनुसार ही क्रिया पुन्हा करतात. दुर्लक्ष झाल्यास द्रवाभोवती तंतुमय आवरण बनते किंवा जंतुसंसर्ग होतो. पट्टा बांधल्याने आधार मिळतो. तथापि तो अतिघट्ट असल्यास त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो व श्वसनास अडथळा येतो. घरी शेकणे किंवा सुई टोचून पाहणे धोक्याचे असते. कारण त्वचेची संवेदना कमी झालेली असल्याने भाजल्याचे कळत नाही.

दूरच्या शहरी शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. दोन्ही बाजूंस सारखी व हळूहळू उतरणारी सूज सहसा निरुपद्रवी असते. अचानक वाढलेला फुगवटा, ताप, लाली किंवा दुर्गंधी स्राव आढळल्यास त्वरित तपासणी करावी. एकाच पायाची पोटरी सुजणे, छातीत दुखणे वा धाप लागणे ही नीलेत रक्ताची गुठळी झाल्याची किंवा ती फुप्फुसात पोहोचल्याची लक्षणे असू शकतात. त्यांना पोटावरील सुजेचाच भाग समजून वेळ दवडू नये. कारण तो विलंब प्राणघातक ठरू शकतो.