कोल्हापूरचा देशी कॅमेरा

दादासाहेब फाळके यांनी 1912 साली लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत आणला. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी मात्र कॅमेरा स्वतःच घडविण्याचे ठरविले. नात्याने भाऊ असलेले हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात नावाजलेले होते. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण नसताना हे धाडस त्यांना शक्य वाटले, याचे कारण त्यांच्या हाती आलेला जुना प्रक्षेपक.

प्रक्षेपक आणि कॅमेरा यांचा गाभा एकच. दोन्हींत दातेरी चाके फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकून ती पुढे नेतात. प्रत्येक चौकट भिंगामागे क्षणभर स्थिर राहते आणि ती सरकताना फिरते शटर प्रकाश अडविते. फरक एवढाच, की एकात प्रकाश बाहेर पडतो, दुसऱ्यात आत येतो. म्हणजे प्रक्षेपक खोलून पाहणाऱ्याला निम्मा कॅमेरा उमगलेलाच असे. उरलेला निम्मा अधिक अवघड: प्रकाशाचा कवडसाही शिरणार नाही अशी पेटी आणि चौकट तसूभर हलू न देणारी अचूक जुळणी. हे काम अपुरे असतानाच 1916 साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते 1918 मध्ये तडीस नेले.

त्या काळातील असा कॅमेरा चालविणे हेही कौशल्याचेच काम होते. साधारणपणे मुठीच्या एका फेऱ्यात आठ चौकटी सरकत. सेकंदाला दोन फेरे धरले की सोळा. हात मंदावला तर पडद्यावरची माणसे धावू लागत, शिवाय प्रत्येक चौकटीला जास्त प्रकाश मिळून चित्र पांढुरके होई. स्थिरचित्रणाच्या जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात शटरचा वेग चकतीवर एकदा ठरविला की काम भागते. येथे तो मनगटाने सांभाळावा लागे. प्रकाशमापक नसल्याने भिंगाचे छिद्र किती उघडावे, हे ऊन पाहूनच ठरे. तेव्हाच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, तो काळाच उमटे; निळे आकाश पांढरे पडे. पडदे रंगविणाऱ्या चित्रकारालाही आपले रंग या अंध डोळ्यानुसार निवडणे भाग होते.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. कंपनीच्या उभारणीत गायिका तानीबाई कागलकर यांचे आर्थिक साहाय्य मोलाचे ठरले, ही गोष्ट सहसा ओझरतीच सांगितली जाते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. कंपनीचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत, 'सैरंध्री'ही नाही. खरी कॉर्नरजवळचा कॅमेरा स्तंभ मात्र या उद्योगाची खूण म्हणून उभा आहे.