एमएसटीएससी म्हणजे काय रे भाऊ?

विंडोजमध्ये 'रन' उघडून एमएसटीएससी टाइप करायचं, की रिमोट डेस्कटॉप हजर. आपल्यापैकी बहुतेकांच्या बोटांना ही सवय असते. पण त्या अक्षरांचा अर्थ? मायक्रोसॉफ्ट टर्मिनल सर्व्हिसेस क्लायंट. टर्मिनल सर्व्हिसेस हे नाव मायक्रोसॉफ्टने २००९ मध्येच बदलून टाकलं, पण फाइलचं नाव तसंच राहिलं. जुन्या भाडेकरूची दारावरची पाटी राहून जावी तसं. गेले दोन शनिवार मी त्या भाडेकरूच्या मागे होतो.

एकच मोठा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली बरीच माणसं, ही कल्पना तशी म्हातारी. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटोने टाइम-शेअरिंगचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. मग पीसी आला आणि प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संसार थाटला गेला. विंडोज त्याच काळाचं अपत्य. समोर एक माणूस, एक कीबोर्ड, एक पडदा, हे गृहीत धरूनच ते लिहिलेलं.

हे गृहीतक खटकलं एड याकोबुच्चीला. हा आयबीएमचा माणूस. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट मिळून ओएस/२ बनवत होते, तेव्हा आयबीएमच्या बाजूने डिझाइनची धुरा याच्याकडे होती. ओएस/२ एकाच वेळी अनेकांना वापरता यावी ही त्याची कल्पना. तिकडे कुणाला फारसा रस नव्हता, म्हणून १९८९ मध्ये त्याने सिट्रिक्स काढली. १९९१ मध्ये पहिलं प्रॉडक्ट बाजारात आलं आणि त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने ओएस/२ला रामराम ठोकून सगळं लक्ष विंडोजकडे वळवलं. झालं! ज्या जमिनीवर घर बांधलं तीच सरकली.

मग त्याने मायक्रोसॉफ्टकडूनच विंडोज एनटीच्या सोर्स कोडचं लायसन्स घेतलं. एकदा पोळल्यावर पुन्हा त्याच तव्यावर हात? पण मला विचाराल तर दुसरा तवा होताच कुठे...

१९९५ मध्ये विनफ्रेम आलं. इंजिनियर म्हणून मला खरी मजा इथे वाटते. प्रत्येक युजरला वेगळं 'सेशन' द्यायचं, म्हणजे त्याचा स्वतःचा डेस्कटॉप आणि स्वतःचे प्रोसेस. पण वीस जणांनी वर्ड उघडला तर त्याचा कोड मेमरीत एकदाच ठेवायचा. युजरकडून सर्व्हरकडे जाणार फक्त कीबोर्डची बटणं आणि माउसच्या हालचाली. उलट दिशेने येणार पडद्याचे बदल, तेही अख्खं चित्र नाही, तर 'इथे रेघ ओढ, तिथे हा चौकोन भर' अशा सूचना. त्यामुळे डायल-अप मोडेमवरसुद्धा काम चालायचं. आपल्या टेबलावर उरतो तो 'थिन क्लायंट', नावाप्रमाणे हडकुळा. डोकं सगळं सर्व्हरमध्ये.

त्रास व्हायचा तो बाकीच्या प्रोग्रॅम्सचा. 'मशीनवर मी एकटाच' असं समजून सामायिक आयएनआय फाइलमध्ये सेटिंग लिहिणारे प्रोग्रॅम वीस युजर आले की एकमेकांच्या पाटात जेवायला लागायचे. म्युटेक्सच्या नावाआधी 'ग्लोबल' की 'लोकल' लिहायचं हा प्रश्न आजही पडतो ना? तो याच घराण्यातला.

फेब्रुवारी १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सला कळवलं की ही सोय आम्हीच एनटीमध्ये करणार. सिट्रिक्सचा शेअर एका दिवसात निम्म्याहून जास्त कोसळला. लोकांनी कंपनी संपली असंच धरलं. पण याकोबुच्ची आणि मंडळी वाटाघाटींना बसली, आणि मे महिन्यात करार झाला: मायक्रोसॉफ्टने ७.५ कोटी डॉलर लगेच मोजायचे, पुढे आणखी १० कोटींपर्यंत. बदल्यात सिट्रिक्सचं मल्टी-युजर तंत्र एनटीत. १९९८ मध्ये ते एनटी ४.०ची टर्मिनल सर्व्हर एडिशन म्हणून बाहेर आलं. कोडनेम होतं 'हायड्रा', अनेक तोंडांचा राक्षस. (नावं ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.)

आणि सिट्रिक्सच्या हातात उरलं काय? त्यांचा प्रोटोकॉल, आयसीए. मायक्रोसॉफ्टचा आरडीपी तेव्हा विंडोज क्लायंटपुरताच होता. मॅक, युनिक्स, जुने डॉसवाले यांना जोडायचं तर वर सिट्रिक्सचं मेटाफ्रेम घ्या. एवढ्याशा फटीत कंपनी नुसती जगली नाही, चांगली फोफावली. त्याच सुमारास ओरॅकलचा लॅरी एलिसन ५०० डॉलरच्या 'नेटवर्क कॉम्प्युटर'चा डंका पिटत होता, तो पीसी स्वस्त झाल्यावर विरून गेला. असो.

२००१च्या एक्सपीत रिमोट डेस्कटॉप घराघरांत पोचला, पण एका वेळी एकाच माणसासाठी. ही अडचण तांत्रिक नव्हतीच, लायसन्सची होती. साध्या विंडोजवर ती आजही आहे, आणि दुसऱ्याने लॉगिन केलं की पहिला बाहेर फेकला जातो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची अनेक युजरवाली आवृत्ती आणली, पण ती त्यांच्याच अझुरवर भाड्याने.

मार्च २०२०च्या लॉकडाउनमध्ये हिंजवडीतले कितीतरी जण घरच्या डायनिंग टेबलावरून याच सेशन्समध्ये बसून नोकरी करत होते. आपला लॅपटॉप तेव्हा निव्वळ काच होता, क्लायंटच्या मशीनवरची एक ओळसुद्धा कॉपी करता यायची नाही. अ‍ॅडमिनने सेशन बंद केलं की आपलं ऑफिसच गायब! याकोबुच्चीने ते पाहिलं नाही, तो २०१३ मध्ये गेला. त्याची सिट्रिक्स २०२२ मध्ये १६.५ अब्ज डॉलरला विकली गेली.