वाणी आणि प्रतिष्ठा : इंग्रजीतील कथनवाचक शब्दांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
'से', 'टेल', 'स्पीक' आणि 'टॉक' या चार क्रियापदांतील भेद समजावताना इंग्रजीच्या अध्यापकाची दरवर्षी कसोटी लागते. व्याकरणग्रंथ त्यांच्या उपयोजनाचे नियम सांगतात. मात्र या शब्दांमागे उभा असलेला समाज त्या नियमांतून दिसत नाही. समाजात कोणाच्या शब्दाला वजन होते आणि ते कसे बदलत गेले, याची नोंद बोलण्याविषयीच्या शब्दांतच उमटलेली असते, हे काही उदाहरणांच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्द हीच कृती :
इ. स. १०६६ मधील नॉर्मन विजयापूर्वीच्या इंग्रजीत 'टेलन' या क्रियापदाचे 'मोजणे' आणि 'निवेदन करणे' असे दोन्ही अर्थ होते. बँकेतील रोखपालास 'टेलर' म्हणतात आणि अगणित संपत्तीला 'अनटोल्ड' हे विशेषण लावतात, ते या जुन्या अर्थामुळेच. मराठी वाचकास याचे नवल वाटू नये. संस्कृतातील 'ख्या' या एकाच धातूशी 'आख्यान' आणि 'संख्या' या दोन्ही शब्दांचे नाते आहे. वस्तू क्रमाने मोजणे आणि घटना क्रमाने मांडणे या क्रिया परस्परांना जवळच्या आहेत.

'म्हणणे' या अर्थाचे 'क्वेथन' हे क्रियापद आज लुप्त झाले असले, तरी त्यापासून बनलेला 'बिक्वीथ' हा शब्द मृत्युपत्राच्या भाषेत टिकून आहे. त्या काळी साक्षीदारांसमक्ष उच्चारलेली इच्छा हेच मृत्युपत्र असे. लेखन हा त्याचा केवळ पुरावा होय. 'आन्सर' या शब्दातही 'विरुद्ध' आणि 'शपथ घेणे' असे दोन घटक आहेत. उत्तर म्हणजे मुळात आरोपाविरुद्ध शपथेवर केलेले कथन होय. सारांश, उच्चारलेल्या शब्दाला तेव्हा कायद्याचे बळ होते.

सत्तांतर आणि शब्द :
नॉर्मन विजयानंतर राजदरबारात फ्रेंच भाषा प्रतिष्ठित झाली आणि पुढे न्यायालयीन युक्तिवादही तीतच होऊ लागले. 'बोलणे' या अर्थाच्या 'पार्ले' या फ्रेंच क्रियापदाच्या कुळातून 'पार्लमेंट', 'पार्ली' (शत्रूशी वाटाघाट) आणि 'पार्लर' (मूळ अर्थ मठातील संभाषणाची खोली) हे शब्द इंग्रजीत आले. 'डिक्लेअर', 'प्रोनाउन्स' ही अधिकारवाणीची क्रियापदेही याच मार्गाने आली. 'से' आणि 'टेल' मात्र घरात, शेतात, बाजारात राहिले. १३६२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळात न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला. परंतु तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! न्यायालयीन कामकाजातून लॅटिन व विधी-फ्रेंच यांचे पूर्ण उच्चाटन होण्यास १७३३ साल उजाडावे लागले.

अर्थाची घसरण आणि उन्नती :
प्रतिष्ठेचा हा प्रश्न केवळ राज्यकर्त्यांपुरता नव्हता. 'गॉसिप' या शब्दाचा मूळ अर्थ बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपालक, म्हणजे ईश्वराच्या साक्षीने जोडलेले आप्त, असा होता. पुढे तो जवळच्या स्नेह्यांना, विशेषतः प्रसूतीच्या वेळी जमणाऱ्या स्त्रियांना लावला जाऊ लागला. सोळाव्या शतकापासून त्याला 'वायफळ बोलणारी व्यक्ती' असा हीन अर्थ चिकटला आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या बोलण्यालाच 'गॉसिप' म्हटले जाऊ लागले. एका पवित्र नात्याचे नाव अशा रीतीने स्त्रियांच्या संभाषणाविषयीच्या तुच्छतेचे वाहक बनले.

याउलट, कुदळीला कुदळच म्हणणे, अर्थात आडपडदा न ठेवता बोलणे, या वाक्प्रचाराचा अर्थ उंचावला. प्लूटार्कच्या ग्रीक ग्रंथात मॅसिडोनियाचा राजा फिलिप आपल्या लोकांना अडाणी ठरवत, ते द्रोणीला द्रोणीच म्हणतात, असे सांगतो. इरॅस्मसने लॅटिनमध्ये आणताना द्रोणीची कुदळ केली आणि १५४२ मध्ये निकोलस यूडलच्या भाषांतरातून ती इंग्रजीत रूढ झाली. जो ग्राम्यपणा मानला जाई, तोच आज स्पष्टवक्तेपणाचा गुण ठरला आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, शब्दाचा दर्जा त्याच्या ध्वनीत नसून तो बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानात असतो. हे शब्द विद्यार्थ्यांपुढे केवळ समानार्थी शब्दांची यादी म्हणून न ठेवता त्यांच्या इतिहासासह ठेवल्यास भाषेचा तास हा समाजाच्या अभ्यासाचाही तास होऊ शकेल. कोणाचे बोलणे 'निवेदन' ठरते आणि कोणाचे 'बडबड', हा प्रश्न प्रत्येक भाषेला, अर्थात मराठीलाही, विचारण्याजोगा आहे.