प्रस्तावना : यादीबाहेरची माणसे

उभ्या पिकात एक लहान वर्तुळ आखायचे, त्यातले धान्य कापून, मळून तोलायचे आणि अशा अनेक वर्तुळांवरून जिल्ह्याचा उतारा काढायचा, ही पीक कापणी प्रयोगाची एक रीत होती. १९४०च्या दशकात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी त्या वर्तुळाच्या आकारावरच आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले सुखात्मे तेव्हा भारतीय कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ होते. दोन-तीन फूट त्रिज्येचे तुकडे घेतले की उतारा खऱ्यापेक्षा जास्त निघतो, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. हद्दीवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितका त्यात हद्दीवरच्या रोपांचा वाटा मोठा. यात लबाडी कोणाचीच नव्हती. तरी असे हजारो तुकडे कापले असते, तर हजारो वेळा चूक त्याच बाजूला पडली असती.

नमुना पाहणी शिकणाऱ्याने सगळ्यात आधी हे मनात पक्के करावे. एक चूक योगायोगाची असते. नमुना चौपट केला की ती निम्म्यावर येते. खऱ्याखुऱ्या सोडतीने निवडलेली हजार माणसे एका जिल्ह्यातली असोत की अख्ख्या महाराष्ट्रातली, टक्केवारीतली ही चूक बहुतेक वेळा तीनच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. दुसरी चूक झुकावाची. नमुना कितीही वाढवा, ती तसूभर हलत नाही. उलट मोठ्या आकड्यामुळे लोकांचा तिच्यावर विश्वास बसतो. म्हणून ‘किती लोकांना विचारले?’ हा प्रश्न मी दुय्यम मानतो. कोणाला विचारले नाही, हे आधी पाहायचे.

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि सुमारे २४ लाख परत आल्या. त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन ५७ टक्के मते मिळवून जिंकणार, असे अनुमान छापले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांना जवळजवळ ६१ टक्के मते मिळाली आणि लँडन यांच्या हाती मेन व व्हरमाँट ही दोनच राज्ये लागली. जनमत पाहणी करणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला होता.

पाठ्यपुस्तके याचे खापर यादीवर फोडतात : नावे टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून घेतली, मंदीच्या काळात ही माणसे सुखवस्तू होती. ते खरे आहे, पण अर्धेच. पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकाने १९८८मध्ये जुन्या गॅलप पाहणीची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा आढळले की मतपत्रिका मिळालेल्यांतही रूझवेल्ट यांचे समर्थक अधिक होते. ती भरून पाठवण्याची तसदी लँडन समर्थकांनी जास्त घेतली. झुकाव यादीत होता, तसाच प्रतिसादातही होता. आज ज्या पाहण्यांत ज्याला वाटेल तो मोबाइलवर मत नोंदवतो, त्या याच दुसऱ्या दोषाने पोखरलेल्या असतात.

आपल्याकडे हा दोष बंद दाराच्या रूपाने भेटतो. गळीत हंगामात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर गेलात, तर घरांना कुलपे दिसतील. माणसे साखर कारखान्यांच्या परिसरात कोपी बांधून राहिलेली असतात. प्रगणकाने शेजारचे उघडे घर घेतले की नमुन्याचा आकडा भरतो, पण शेजारी गावात राहू शकला म्हणजेच त्याची परिस्थिती वेगळी आहे. शहरात श्रीमंत सोसायटीचा पहारेकरी प्रगणकाला फाटकावरूनच परत पाठवतो. म्हणजे सर्वांत गरीब आणि सर्वांत श्रीमंत, दोन्ही टोके निसटतात. २०२२-२३च्या राष्ट्रीय कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत शहरी कुटुंबांचे गट पाडताना घरातली मोटार हा निकष घेतला गेला, तो वरच्या वर्गाला नमुन्यात ठरलेला वाटा मिळावा म्हणून. १९३६मध्ये ज्या मोटारीने दिशाभूल केली, तीच इथे जाणीवपूर्वक वापरल्याने उपयोगी पडली. अशी उदाहरणे पाहिली की या शास्त्रावर माझा जीव जडतो.

दार उघडल्यावरही काम संपत नाही. बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नवरा देतो. सरपंच शेजारी उभे असतील तर मत वेगळे निघते. म्हणूनच लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या पाहण्यांत नकली मतपत्रिका आणि पेटी वापरून पसंती गुप्त ठेवली जाते.

निवडणूक अंदाजांबद्दल थोडा संयम हवा. २००४च्या लोकसभा निवडणुकीत भाजपप्रणीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या (रालोआ) विजयाचे अंदाज होते, पण काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. २०२४मध्ये अनेक एक्झिट पोलनी रालोआला ३५०हून अधिक जागा दिल्या, आल्या २९३. मात्र प्रत्येक फसलेला अंदाज झुकावाचा पुरावा नसतो. मतांच्या टक्क्यांवरून जागा काढणे हे वेगळे आणि अवघड काम आहे. तिथली चूक नमुन्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

या विषयात येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत आहे : विद्यार्थ्यांचे, पत्रकारांचे आणि तालुक्याच्या कचेरीत तक्ते भरणाऱ्यांचेही. शालेय गणित पुरते. लागते ती चिकाटी. एक विनंती आहे. पुढची प्रकरणे वाचताना एखादी छापून आलेली पाहणी जवळ ठेवा आणि तिला विचारा : नावे कोणत्या यादीतून घेतली, किती दारे बंद होती, त्यांच्या जागी कोणाला घेतले, प्रश्नाचे नेमके शब्द काय होते, खर्च कोणी केला. ही उत्तरे जी पाहणी देत नाही, तिच्या आकड्यावर बातमी लिहू नका आणि योजनाही आखू नका.