पडद्यावरचा कॉम्प्युटर आणि काउंटरवरचा



गेल्या महिन्यात आमच्या एका गटातल्या मावशी बँकेतून परत आल्या, त्या चेहरा पाडूनच. गटाच्या कर्जाचा २,४०० रुपयांचा हप्ता त्यांनी स्वतःच्या हाताने भरला होता, आणि बँकेत म्हणाले हप्ता थकलाय. मावशी म्हणाल्या, "अहो, मी भरलाय." तर काउंटरपलीकडच्या साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाले, "हे बघा, कॉम्प्युटरमध्ये नाही." संपलं. मावशी उठून घरी आल्या. मला म्हणतात, "ताई, माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल?"

मावशींनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. पण पाहिलाय पुष्कळ, टीव्हीवर आणि सिनेमात. तिथे हिरो खटाखट बटणं दाबतो, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पावसासारखी पडतात आणि दहा सेकंदांत अख्ख्या बँकेचं कुलूप उघडतं. तो कॉम्प्युटर कधी अडकत नाही, 'सर्व्हर डाऊन' म्हणत नाही, आणि चुकत तर नाहीच. (आपल्याला एक उत्पन्नाचा दाखला काढायला किती खेपा पडतात, ते तुम्हीच आठवा.) मला वाटतं, मावशींचा तो विश्वास इथूनच आलाय. म्हणून आज मी तुम्हाला या पडद्यावरच्या कॉम्प्युटरचा इतिहास सांगणार आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली. फेब्रुवारी १९४६ मध्ये तिथल्या विद्यापीठात 'एनिअ‍ॅक' नावाचं यंत्र लोकांना पहिल्यांदा दाखवलं. वजन तीस टन, आत सुमारे अठरा हजार काचेच्या नळ्या, एक मोठा हॉल भरेल एवढं ते धूड. तोफेचा गोळा कुठे पडेल याचं गणित सैन्यासाठी करायचं, हे त्याचं काम. आता यंत्र आतल्या आत गणित करतं, ते पाहुण्यांना दिसणार कसं? म्हणून बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. टेबल टेनिसचे पांढरे चेंडू अर्धे कापले आणि यंत्रावरच्या छोट्या दिव्यांवर टोपीसारखे बसवले. गणित सुरू झालं की दिवे लुकलुकायचे. बघणारे थक्क! त्यानंतर कित्येक वर्षं सिनेमात कॉम्प्युटर म्हटला की भिंतभर लुकलुकणारे दिवे आलेच.

लोकांनी दिवे पाहिले. पण ते गणित यंत्राला करायला लावणाऱ्या सहा बायका होत्या, त्या कुणाला दिसल्या नाहीत. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. यातली बेटी जेनिंग्ज शेतकऱ्याची मुलगी, मिझुरी राज्यातल्या खेड्यातली. त्या यंत्राला आजच्यासारखा कीबोर्ड नव्हता. कोणती वायर कुठे खोचायची, कोणता खटका कुठे फिरवायचा, हे नकाशांवरून त्यांचं त्यांनी शिकून घेतलं. गोळा हवेतून खाली येण्याआधीच यंत्र त्याचं गणित सोडवतं, हे त्या दिवशी त्यांच्याच मेहनतीमुळे दिसलं. रात्री मोठं जेवण झालं, त्याला या सहा जणींना बोलावणंसुद्धा नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं त्यांचे फोटो नावाशिवाय छापले गेले. यंत्राशेजारी शोभेला उभ्या केलेल्या मुली, असाच समज होता. ८०च्या दशकात एका विद्यार्थिनीने, या कोण आहेत, असं विचारलं, तेव्हा कुठे त्यांची नावं पुढे आली. यंत्र चालवतं कोण, ते झाकायचं आणि दिवे दाखवायचे, ही रीत पहिल्याच दिवशी पडली.

सहा वर्षांनी, १९५२ मध्ये, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. एका टीव्ही कंपनीने जाहीर केलं की आमच्याकडे 'युनिव्हॅक' नावाचा कॉम्प्युटर निकालाचा अंदाज सांगेल. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत लोकांना जे यंत्र दिसलं, ते निव्वळ सोंग होतं, दिवे लावलेला डबा. खरं यंत्र फिलाडेल्फियात होतं. गंमत अशी की त्या खऱ्या यंत्राने, आयझेनहॉवर प्रचंड मतांनी येणार, असं बरोबर सांगितलं होतं, पण माणसांचा विश्वास बसला नाही आणि तो अंदाज त्यांनी लगेच जाहीर केला नाही. म्हणजे यंत्र नेहमी चुकतं, असंही मी म्हणत नाहीये.

मग आला १९५७ चा 'डेस्क सेट' नावाचा सिनेमा. कॅथरिन हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसी ही त्या काळची मोठी जोडी त्यात आहे. हा सिनेमा आपण बायकांनी बघावा असा आहे. एका टीव्ही कंपनीच्या माहिती विभागात चार जणी काम करतात. कुणीही फोन करून काहीही विचारलं तरी उत्तर शोधून देतात. एक दिवस तिथे मोठा कॉम्प्युटर येतो, आणि चौघींना धास्ती बसते की आपली नोकरी गेली. त्या यंत्राला साधा प्रश्न टाइप करून विचारायचा, की ते दिवे लुकलुकवतं, आवाज करतं आणि कागदावर उत्तर छापून देतं. खऱ्या आयुष्यात १९५७ मध्ये असं बोलीभाषेतलं समजणारं यंत्र कुठेही नव्हतं. सिनेमाच्या सुरुवातीलाच आयबीएम या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचे आभार मानलेत, त्यामुळे यंत्राचं कौतुक इतकं का, ते कळतं!

तरी त्या सिनेमात दोन गोष्टी खऱ्या निसटून आल्यात. कोर्फू नावाच्या बेटाची माहिती विचारतात, तर यंत्र 'कर्फ्यू' धरून बसतं आणि भलतीच एक लांबलचक कविता छापत सुटतं. आणि पगार विभागातलं तसंच दुसरं यंत्र सगळ्यांनाच कामावरून काढल्याच्या चिठ्ठ्या छापतं, अगदी कंपनीच्या अध्यक्षालासुद्धा. लोक या प्रसंगांना हसले. हसून विसरले.

पण अशी चूक खरोखर झाली तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. इंग्लंडमध्ये १९९९ पासून गावोगावच्या पोस्टांत 'होरायझन' नावाची कॉम्प्युटर व्यवस्था बसवली. तिथली छोटी पोस्टं म्हणजे बहुतेकदा किराणा दुकानातलाच एक काउंटर. संध्याकाळी हिशेब जुळवताना कॉम्प्युटर म्हणायचा, गल्ल्यात पैसे कमी आहेत. पैसे जागच्या जागी होते, कॉम्प्युटरच चुकीचा आकडा दाखवत होता. जो हॅमिल्टन नावाच्या बाईंनी मदतीच्या नंबरवर फोन केला, ते सांगतील ती बटणं दाबली, आणि दोन हजार पौंडांची तूट त्यांच्या डोळ्यांदेखत चार हजार झाली. त्यांना सांगितलं गेलं, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० मध्ये तुरुंगात टाकलं, तेव्हा त्यांना दिवस गेलेले होते. अशा ९००हून जास्त लोकांवर गुन्हे शाबीत झाले. उलट पुरावा नसेल तर कॉम्प्युटर नीट चालतोय असंच धरायचं, असा तिथल्या कोर्टाचाही दंडक.

सीमा आणि जो, दोघींची शिक्षा २०२१ मध्ये रद्द झाली. शेकडो लोक मात्र तसेच अडकून होते. मग जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडच्या टीव्हीवर या प्रकरणावर चार भागांची मालिका आली. त्यातला कॉम्प्युटर म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यातला एक साधा डबा. दिवे नाहीत, हिरवी अक्षरं नाहीत. त्याच्यासमोर एक बाई फोन कानाला लावून बसलीये आणि आकडा वाढत चाललाय. मला विचाराल तर पडद्यावर इतका खरा कॉम्प्युटर फार क्वचित दाखवला गेला असेल. ती मालिका बघून लोक इतके चिडले की त्याच वर्षी मे महिन्यात सरकारला कायदा करून उरलेल्या शेकडो लोकांच्या शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

आता आमच्या मावशींचं सांगते. त्यांच्याकडे भरणा पावतीचा शिक्का मारलेला तुकडा होता आणि गटाच्या रजिस्टरात तारखेसह नोंद होती. पुढच्या सोमवारी आम्ही तिघी गेलो. मावशींनी पावती काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटरमध्ये कुणी भरलं, ते बघा." साहेबांनी बराच वेळ शोधाशोध केली. शेजारच्या गावात आमच्याच नावाचा दुसरा गट आहे. खाते क्रमांकाचा एक आकडा टाइप करताना चुकला होता आणि आमचे २,४०० रुपये त्यांच्या खात्यावर जाऊन बसले होते. दोन दिवसांत दुरुस्ती झाली. मावशींनी पासबुकात नवी नोंद छापून घेतली, आणि तिथेच उभं राहून, एकेका आकड्यावर बोट ठेवत ती वाचून काढली. मागे रांग खोळंबली होती, तरी.